खालून पहिली ओळ

पिंपरी,
४ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. कौशल्येस ज्योतीरामचे अनेक आशीर्वाद.

मी इकडे सुखरूप आहे. दिवाळीला बार्शीला येता आलं नाही म्हणून तुझ्या आईने बोल लावला असेल, तो तू ऐकून घे. उरलेला मी आल्यावर ऐकीन.

एक काम आहे. हसायचं नाही. मला इंग्रजी शिकव.

हसलीस ना? इथवर ऐकू आलं. अगं, मराठी सातवीला मास्तरांनी इंग्रजी अक्षरं गिरवून घेतली होती, तेवढ्या जोरावर मी कारखान्याच्या अर्जात ‘इंग्रजी येते’ असं ठोकून दिलं. आता ते अंगाशी आलंय. आमच्या रंगाच्या कारखान्यात केमिस्ट साहेब कलकत्त्याकडचे, त्यांना मराठी येत नाही. ते रोज सकाळी शेडच्या दारातल्या फळ्यावर दिवसभराचं काम इंग्रजीत लिहून जातात. कोणती टाकी भरायची, कोणत्या नळाचा कॉक बंद ठेवायचा, सगळं. टाकीवाल्याने ते वाचायचं आणि बाकीच्या गड्यांना मराठीत सांगायचं. सध्या हे काम आकुर्डीचे रंगराव करतात. नव्या वर्षापासून त्यांना दुसऱ्या शेडमध्ये नेणार आणि टाक्या माझ्याकडे येणार. बढतीच म्हण ना.

तुझ्या नानांची शाळेतली पुस्तकं अजून ट्रंकेत आहेत, असं तू म्हणाली होतीस. ते असते तर मी त्यांच्याच पायाशी बसलो असतो. त्यातले लहान लहान उतारे उतरवून पाठव. मला लवकर वाचता आलं पाहिजे, कौशल्या. फळ्यासमोर थांबू देत नाहीत. रांग चालत असते आणि मुकादम मागून ओरडत असतो, “चला, चला! फळ्याला काय हळद लावायचीय?”

तुला सातवा महिना, या दिवसांत तुला कामाला लावतोय हे मला कळतं. पण दुसरं कोण आहे मला?

तुझा,
ज्योतीराम

*

बार्शी,
११ नोव्हेंबर १९५६

शिष्योत्तमांस मास्तरणीचा साष्टांग नमस्कार.

हसले. खोटं कशाला बोलू? आईने विचारलं काय झालं, तर म्हटलं बाळाने लाथ मारली. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा घाम फुटलेला माणूस साहेबाचं इंग्रजी वाचून दाखवणार! पण आतून बरं वाटलं. नानांनी मला तीन वर्षं इंग्रजी शिकवलं ते भाकऱ्या थापताना काही उपयोगी पडलं नव्हतं.

तीन उतारे पाठवते. एक सशाचा, एक विहीर खणणाऱ्या म्हाताऱ्याचा, एक वादळात सापडलेल्या होडीचा. पाच-सहा ओळींच्या वर एकही नाही. शब्द घोकत बसायचं नाही. नाना म्हणायचे, शब्द हा पाहुण्यासारखा, तीन-चार वेळा घरी येऊन गेला की आपोआप ओळखीचा होतो. तेव्हा वाचा, आणि प्रत्येक उताऱ्यात काय घडलं ते मराठीत लिहून पाठवा. मी लाल पेन्सिल घेऊन बसलेच आहे.

माझी तब्येत झकास आहे. खाते, झोपते, आणि आईचं ऐकते.

तुमचे दोस्त दौलतराव कसे आहेत? दोघं एका गाडीने गेलात, एका खोलीत राहता, आणि घरी शालनबाईला आपल्या नवऱ्याचं एक अक्षर नाही. बाजारात भेटली की ती माझ्या आईपुढे रडते. त्यांना सांगा, शाई महाग झाली असेल तर कोळशाने लिहा.

आपली,
कौशल्या

*

पिंपरी,
१८ नोव्हेंबर १९५६

सौ. कौशल्येस आशीर्वाद.

तिन्ही उताऱ्यांचे अर्थ सोबत आहेत. होडीतली माणसं वाचली की नाही ते तुझ्या उताऱ्यात नाही. पुढचं पान असेल तर तेही पाठव, मला रुखरुख लागलीय.

पण वेग काही येत नाही गं. मी उतारा घेऊन बसतो तेव्हा रंगराव विडी पेटवतात. विडी संपते, ते थोटूक विझवतात, कानामागची दुसरी पेटवतात, तरी माझा ससा झाडाखालीच. रंगराव म्हणतात, “आरं भावा, तुजं वाचन हाय का नांगरट हाय? समदं येतंय तुला, पर येळ लई घेतोस.” त्यांना ओळखीनं दिसतं सगळं. रोज बघून बघून सवय झालीय.

फळ्यासमोर आलो की अक्षरं दिसतात, पण ती एकमेकांत मिसळतात. हे कुणाला सांगितलेलं नाही.

दौलत बरा आहे. हाताला थोडं लागलंय म्हणून लिहीत नाही. शालनवहिनींना सांग काळजीचं काही नाही.

आणखी उतारे पाठव. जास्त पाठव.

ज्योतीराम

*

बार्शी,
२६ नोव्हेंबर १९५६

नमस्कार.

अर्थ तपासले. लाल पेन्सिल जवळजवळ कोरी राहिली. मग सांगा, वेळ जातो कुठे? शब्द येतात, अर्थ लागतो, आणि तरी रंगरावांच्या दोन विड्या होतात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं तर तुम्हाला नाचता येतंय! कुठेतरी दुसरंच काहीतरी आहे.

कागद हातात आल्यापासून तुम्ही काय काय करता ते मला लिहा. काही गाळू नका. लाजू नका.

दौलतरावांच्या हाताला काय लागलं? दोन्ही हातांना लागलं का, की दुसऱ्याकडूनही चार ओळी लिहवत नाहीत? आईने शालनबाईला निरोप दिला, पण ती ऐकून घेईना.

कौशल्या

*

पिंपरी,
३ डिसेंबर १९५६

सौ. कौशल्येस आशीर्वाद.

विचारलंस म्हणून लिहितो. हात धुतो. कागद कपाळाला लावतो. मग पहिल्या शब्दापासून मोठ्यांदा वाचायला लागतो. एखाद्या शब्दाला अडखळलो की परत पहिल्यापासून. परत अडखळलो की परत पहिल्यापासून. एकही न अडता शेवटाला गेलो की मगच उतारा झाला असं मला वाटतं.

असं कसं, म्हणशील. अगं, श्रावणात आमच्याकडे आबा पोथी लावतात, तू पाहिलंयस. लहानपणी एक वर्ष आबांचा आवाज बसला आणि वाचायला मला बसवलं. एक ओळ माझ्याकडून गळाली. ऐकणाऱ्या बायकांच्याही लक्षात आलं नव्हतं, पण आबांच्या आलं. कान धरून म्हणाले, ओळ गाळलीस तर घराला दोष लागतो, अध्याय पहिल्यापासून घे. त्या वर्षी आमची गाय मेली. कुणी काही बोललं नाही, पण मला कळलं की ती माझ्यामुळे मेली.

तेव्हापासून मला ओळ गाळता येत नाही. बाटलीवरचं लेबल असलं तरी पहिल्यापासून वाचतो. आता हस.

ज्योतीराम

*

बार्शी,
११ डिसेंबर १९५६

नमस्कार.

हसणार होते. गायीवरून तुमची चांगली हजेरी घेणार होते. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दौलतरावांना घरी आणलं.

मी जाऊन आले. आई नको म्हणत होती, पोटुशीने असलं बघू नये म्हणत होती. तरी गेले. डोळ्यांवर पट्टी. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले; टाकीतलं तेजाब, ते ॲसिड, उडालं म्हणे. शालनबाई चमच्याने पेज भरवत होती आणि ती हनुवटीवरून ओघळत होती. मला आवाजावरून ओळखलं त्यांनी. म्हणाले, “वहिनी, ज्योतीरामला म्हणावं फळा नीट वाचत जा.”

हाताला थोडं लागलंय! थोडं! मला लिहिताना तुमचा हात कापला नाही? तुम्ही सशाचे अर्थ लिहीत होतात आणि तुमच्या खोलीतला माणूस असा पडला होता. आणि आता त्याच टाक्यांवर तुम्ही उभे राहणार, त्याला तुम्ही मला बढती म्हणता!

तुम्ही तिथे हात धुऊन, कागद कपाळाला लावून पहिल्या शब्दापासून वाचत बसलेले आहात आणि तुमच्या मागे ते तेजाब आहे, हेच डोळ्यांपुढे येतंय. जेवण जात नाही. अंगणात कुणाची वहाण वाजली तरी उठून दाराशी जाते.

निघून या. गावाकडे आबांची शेती आहे, नसेल तर मोलमजुरी करू. मला तुमची बढती नको.

आणि नाहीच येणार असाल, मला माहीत आहे तुमचा हट्ट, तर मला ससे आणि होड्या आता पुरे. फळा पाठवा. रोजचा फळा जसाच्या तसा उतरवून पाठवा.

कौशल्या

*

पिंपरी,
१६ डिसेंबर १९५६

सौ. कौशल्येस.

तुझ्या दिवसांत तुला घाबरवू नये म्हणून लपवलं. चूक झाली असेल तर झाली.

त्या सकाळी रंगराव तापाने आले नव्हते. मुकादम म्हणाला, आज तुमचं तुम्ही बघा. फळ्यासमोर मी आणि दौलत शेजारी शेजारी होतो. दौलतला इंग्रजी अक्षर येत नाही, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी पहिल्या ओळीत अडकलो. परत पहिल्यापासून घेतलं. मागून मुकादम ओरडला. दौलत म्हणाला, “राहू दे, रोजचंच असणार, टाकी धुवायची,” आणि आत गेला. मी तिसऱ्या ओळीला होतो तेव्हा किंकाळी आली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की दोन नंबरात तेजाब शिल्लक आहे, त्यात पाणी सोडू नये. ते मी नंतर वाचलं.

निघून ये म्हणतेस. मी रोज स्टेशनाकडे बघतो. गाडीची शिट्टी झाली की जीव तिकडे ओढतो. पण मी टाक्या नको म्हटलं तर मला पोती वाहायला त्याच शेडमध्ये ठेवतील आणि टाक्यांवर अक्षरही न येणारा उभा करतील. तेजाब पोतीवाल्याला वगळून उडत नाही. आणि गड्यांमध्ये एक मीच आहे ज्याला निदान अक्षरं तरी लागतात. सगळे आत्तापासून माझ्या तोंडाकडे बघायला लागलेत, दौलत बघत होता तसे. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

फळे पाठवतोय. रंगरावांनी उभं राहून उतरवून दिले.

ज्योतीराम

*

बार्शी,
२२ डिसेंबर १९५६

नमस्कार.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो बाजूला ठेवलाय. भीती मात्र बाजूला ठेवता येत नाही, ती घेऊनच लिहिते.

सगळे फळे जमिनीवर पसरले आणि दुपारभर त्यांच्यात बसून राहिले. तुमच्या साहेबाची खोड सापडली. पहिल्या ओळी रोज त्याच असतात: टाकी नंबर अमुक, इतकं पाणी, इतकी वाफ. आकडे तेवढे बदलतात. जे वेगळं असतं, नेहमीसारखं नसतं, ते तो शेवटी लिहितो. सगळं लिहून झाल्यावर आठवतं ना माणसाला, तसं. म्हणजे जिवावरचं असतं ते शेवटच्या ओळीत, आणि तुम्ही बसलेले असता पहिल्या ओळीला कवटाळून!

तेव्हा आता खालून वाचायचं. शेवटची ओळ आधी. त्यातही अडलेला शब्द सोडून द्यायचा. हो, सोडायचा! ओलांडायचा, दारातल्या झोपलेल्या कुत्र्यासारखा. बाकीच्या ओळखीच्या शब्दांवरून काय ते समजतं. दोष लागत नाही. इंग्रजी ही देवाची भाषा नाही, कारकुनांची आहे. तुमची गायही तुमच्यामुळे मेली नव्हती, म्हातारी होती, मला सासूबाईंनी सांगितलंय.

आणि बसून वाचायचं बंद. तुमच्या फळ्यातलेच शब्द घेऊन मी नवे उतारे केलेत. बंद, उघडा, गळती, रिकामी, आत जाऊ नका, हे सगळे त्यात फिरवून फिरवून घातलेत. एकेक उतारा खोलीच्या दाराला चिकटवा. पाण्याची बादली उचला आणि दारासमोरून चालत जा. थांबायचं नाही. जाता जाता जे दिसेल ते दिसेल. मग रंगरावांना सांगा काय दिसलं. मग उतारा बदला. तोंडाने वाचायचं नाही, नुसत्या डोळ्यांनी.

मला दिवसा स्वप्नं पडतात. सकाळची वेळ झाली की मी मनात तुम्हाला फळ्यासमोर उभं करते आणि ओरडते, खालून, खालून! आई म्हणते पोर पुटपुटायला लागली.

कौशल्या

*

पिंपरी,
५ जानेवारी १९५७

सौ. कौशल्येस आशीर्वाद.

तुझे उतारे दाराला लागले आणि चाळीत बोभाटा झाला. शेजारच्या गोजाबाईंना वाटलं मी दृष्ट लागू नये म्हणून मंत्र आणून डकवलाय. दुसऱ्या दिवशी त्यावर हळदकुंकू वाहिलेलं! मी उतारा बदलला तर त्या रागावल्या, म्हणाल्या, “मंतर असा रोज काढून फेकत्यात व्हय?” शेवटी त्यांना सांगितलं की हा मंत्र रोज ताजा लागतो. आता रोज सकाळी त्याच कुंकू घेऊन नवीन कागदाची वाट बघत असतात.

बादली घेऊन फेऱ्या मारून खांदे दुखतात. पण काहीतरी झालंय. गेल्या आठवड्यात चालता चालता एक ओळ एकदम दिसली. अक्षरं दिसलीच नाहीत, नुसता अर्थ दिसला. मी घाबरलो आणि बादली सांडली. रंगराव म्हणाले, “जमलं रं भावा! आता मी सुखानं जातो.” आणि ते दुसऱ्या शेडमध्ये गेले. पहिल्या तारखेपासून टाक्या माझ्याकडे आहेत.

भीती गेली म्हणून लिहू? नाही गेली. पूर्वी वाचता येत नाही याची होती. आता सोडून दिलेल्या शब्दांची आहे. खालची ओळ वाचून आत जातो, गड्यांना कामं सांगतो, आणि मग दिवसभर वाटत राहतं की जो शब्द मी ओलांडला त्यातच असलं तर? जेवायच्या सुट्टीत परत जाऊन पहिल्यापासून वाचून येतो. रोज. आजवर काही निघालं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, मी पाणीही फुंकतोय.

तू कशी आहेस ते तू नीट लिहीत नाहीस. झकास म्हणजे काय? अंबुबाई सुईण काय म्हणते?

ज्योतीराम

*

बार्शी,
१६ जानेवारी १९५७

नमस्कार.

संक्रांत झाली. तिळगूळ पाठवला होता. पोचल्याचं कळवलं नाहीत. पाच तारखेच्या पत्रानंतर तुमचं एक अक्षर नाही.

अंबुबाई म्हणते सगळं ठीक.

एक ओळ लिहा. इंग्रजीत लिहा, चुकीची लिहा, पण लिहा. पोस्टमन गल्लीत आला की मी दाराआड उभी राहते, आणि तो पुढे गेला की भिंतीला टेकते.

कौशल्या

*

पिंपरी,
२१ जानेवारी १९५७

सौ. कौशल्येस.

तार केली आहे, ती आधी पोचेल. हे मागून.

आधी पत्र का नाही ते सांगतो. डबल पाळी चालली होती. खोलीवर आलो की ताटावरच डोळे मिटायचे. त्याबद्दल माफ कर.

आज सकाळी रांग चालू होती. मी पुढे, मागे सगळे गडी. फळ्याची शेवटची ओळ बघितली. तीन नंबर दिसला, ‘आत’ दिसला, ‘नाही’ दिसला. मध्ये एक मोठा शब्द होता तो कधी पाहिलेला नव्हता. कौशल्या, त्या क्षणी वर जाऊन पहिल्यापासून वाचावं असं सगळं अंग म्हणत होतं. शेडच्या पलीकडच्या दाराने दोघं आत चाललेही होते. वाचत बसलो असतो तर परत तेच झालं असतं. आणि न वाचता ओरडलो आणि काही नसलं, तर मुकादमाने मला त्याच दिवशी हाकललं असतं.

ओलांडला तो शब्द. ओरडलो, “बाहेर! सगळे बाहेर!” दारात हात पसरून उभा राहिलो. मुकादमाने आईवरून शिवी दिली. गडी माझ्याकडे बघत राहिले. मी रडत होतो असं नंतर त्यांनी सांगितलं, मला माहीत नाही. आत गेलेले दोघं कुरकुरत बाहेर आले. दुसरा माझ्या हाताखालून निघाला आणि मागे तीन नंबर फुटलं. पिवळा धूर अंगावर आला. तोंडाला फडकं लावून, एकमेकांची सदऱ्याची टोकं धरून आम्ही ओढ्यापर्यंत पळालो. सगळे मोजले. सगळे होते.

तीन नंबरात बिघाड दिसला म्हणून साहेब तसं फळ्यावर लिहून फिटरला बोलवायला गेला होता. परत आला तेव्हा तो ओट्यावर बसूनच राहिला.

मग मला दुसरीच भीती वाटली. शेजारच्या शेडमधला आपल्याकडचा बबन लांबून धूर बघून तसाच स्टेशनवर पळाला होता, बार्शीची गाडी धरायला. तो तिथे काय सांगेल देव जाणे. म्हणून धावत चिंचवडला तारेच्या खिडकीपाशी गेलो. इंग्रजी माझं मीच लिहिलं. खिडकीतला बाबू भांडला, म्हणाला तारेत असं लिहीत नाहीत, शब्द मागेपुढे झालेत. मी म्हटलं, मी सांगतो तसंच जाऊ द्या. त्याने कपाळाला हात लावला आणि पाठवली.

डोळे चुरचुरतात. बाकी मी धड आहे. तुला बघायला येतोय, रजा मिळाली की.

ज्योतीराम

*

बार्शी,
३० जानेवारी १९५७

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. तुमच्याकडून शिकले, म्हणून हे आधी लिहिलं.

मूल आडवं होतं. अंबुबाई महिनाभर मान हलवत होती, शेवटी तिनेच ते फिरवलं. मी तुम्हाला झकास लिहीत होते. तुम्ही दौलतरावांचं लपवलंत, मी हे लपवलं, फिट्टंफाट.

आता इकडचं ऐका. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बबन बार्शीच्या छोट्या गाडीने उतरला तो थेट शालनबाईकडे गेला. शालनबाई आमच्या गल्लीत धावत आली, डोक्यावर पदर नाही, मागे अर्धा बाजार. बबन सांगत होता की शेड गेली, माणसं आत होती. आईने विचारलं, “आमचे जावई?” तो म्हणाला, “दारातच हुबा व्हता, हात पसरून. मग धुरात दिसंनासा झाला.”

मला सकाळपासून कळा येत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते. तेवढ्यात तारवाला आला.

आमच्या गल्लीत तार एकाच कामासाठी येते, तुम्हाला माहीत आहे. त्याने नुसतं आईचं नाव विचारलं आणि बायकांनी रडायला सुरुवात केली. आई उंबऱ्यात बसली ती उठेना. तारवाल्याला इंग्रजी येत नाही. समोरचे मास्तर शाळेत. कागद तसाच बंद, आणि सगळ्यांना त्यात काय आहे ते ठाऊक होतं! शेजारची सुभद्रामावशी माझ्याजवळ आली. बिचारीचं काळीज मऊ, मला उगाच ताटकळत ठेवू नये म्हणून आली असेल. तिने पदराचं टोक ओलं केलं, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, “डोळं मिट, पोरी.” मला कळलं. पण हातपाय हलेनात. तिने एकदा पुसलं. अर्धं कुंकू गेलं. गार पाणी नाकावर आलं तेव्हा मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, “मावशी, आधी मला वाचू दे. मग पूस.”

कागद उघडला. तुम्हाला महिनाभर खालून वाचा, शब्द ओलांडा, डोळ्यांनी वाचा म्हणून शिकवणारी मी. माझे डोळे खाली जाईनात. अक्षरं नुसती वळवळत होती. पहिला शब्द तेवढा दिसत होता, त्याच्या पलीकडे जायची छाती नव्हती. तिथे तुमचं नाव असतं तर मी त्या नावाशीच संपले असते, पुढे काय लिहिलंय ते बघितलंच नसतं. नाव नव्हतं. पहिला शब्द होता ‘सेफ’.

मी म्हटलं, “आई, कुंकवाचा करंडा आण.”

कुणाला काही कळेना. सुभद्रामावशी पदर हातात धरून तशीच उभी. मी परत ओरडले, करंडा आण गं! आणि मग मीच रडायला लागले आणि कळा जोरात सुरू झाल्या. अंबुबाईने सगळ्यांना बाहेर हाकललं.

उरलेली तार मी मुलगी झाल्यावर वाचली. तिला कुशीत घेऊन, सावकाश. तुमच्या इंग्रजीत दोन चुका आहेत. मी त्या सुधारणार नाही.

बारशाला या.

आपली,
कौशल्या